आमिनाच्या तळ्यातला सलाम

आमिनाबद्दल नुसतं चांगलं ऐकायचं असेल तर गावात कुणालाही विचारा. हसनाबादच्या बाजारात भाजीवाली तिच्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकते. जीपवाले तिला पुढची सीट देतात. आमचे मालक, ज्यांनी लग्न झाल्यापासून मला 'भाजी बरी झाली' असं एकदाही म्हटलेलं नाही, तेसुद्धा म्हणतात, "बाई असावी तर आमिनाबीसारखी." म्हणूनच मी लिहायला बसले आहे. आमिनाला माझ्याइतकं बारकाईने कुणी पाहिलेलं नाही. आवडत्या माणसाकडे आपण अधूनमधून बघतो, पण ज्याच्यावर जळतो त्याच्याकडे दिवसभर बघतो. आणि मी आमिनावर जळते. त्यात लपवायचं काय? सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आमचं रान आणि त्यांचं रान लागून आहे, मधे फक्त एक बांध. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन इथे आलो. ती अंबडची. तिचा बाप पिंजारी होता, दारोदार फिरून कापूस पिंजायचा आणि गाद्या भरून द्यायचा. माझं माहेर जाफराबादकडे, दारात बैलजोड्या, घरात माणसांचा राबता. म्हणजे रीतीने बघितलं तर जळायची पाळी तिची होती. पण नशिबाला कुठे रीत कळते? दोन्ही घरांनी त्याच साली विहिरी खोदल्या. त्यांच्या विहिरीला पाणी लागलं, आमच्या विहिरीला काळा पाषाण लागला. एका बांधाचं काय ते अंतर! लालमियाँभाई, म्हणजे आमिनाचा नवरा, बायकोला घेऊन आमच्या दारात आले. आमिनाच्या डोक्यावर पाण्याची घागर होती. ते म्हणाले, "भाभी, आमचं पानी ते तुमचंच हाय." लोकांना त्यात मोठेपणा दिसला. मला ते पाणी कडू लागलं.

मग एकेक वाढतच गेलं. माझ्या म्हशीला रेडा झाला की तिच्या म्हशीला पारडी झालीच म्हणून समजा. माझी मोसंबी गळायची, तिची झाडाला वाकवायची. माझा सूरज शिकून पुण्याकडे कंपनीत गेला, तो आता दिवाळीलाच दिसतो. तिच्या जीशानने जाफराबादच्या रस्त्यावर स्वतःची जीप लावली आणि तो रोज संध्याकाळी आईच्या हातची भाकरी खातो. आणि बाईचे केस! पन्नाशी आली तरी काळेभोर. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणे, "काईच लावत न्हाई गं, वरच्याची मेहरबानी." मी मनात म्हटलं, वरच्याला बांधाच्या अलीकडचं दिसत नाही काय?

खरं असेल तेही सांगते, नाहीतर म्हणाल द्वारका नुसती पोटदुखी लिहिते. आमिना कामाला वाघ आहे. दुपारी सगळं रान आडवं झालेलं असतं तेव्हा ही मोसंबीखाली बसून रजया शिवते. बापाचा हात तिच्या हातात उतरला आहे. तिने भरलेल्या रजईत कापसाचा गोळा होत नाही. बोलते भराभर, हसते मोठ्याने, आणि दर दोन वाक्यांमागे 'बिलकुल' म्हणते. कुणाकडे बाळंतीण असो, कुणाचं मयत असो, ही हजर. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या सख्ख्या जावेच्या आधी आमिना आली होती. हेही मला आवडलं नव्हतं.

शेततळ्याचंही तिच्याच डोक्यातून निघालं. विहिरीत पाणी आहे तोवर ते उपसून साठवायचं आणि उन्हाळ्यात मोसंबी जगवायची. मोठा चौकोनी खड्डा, त्यात अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण. आमचंही बोअर तोवर झालं होतं. मी मालकांच्या मागे भुणभुण लावून बांधाच्या अलीकडे, तिच्या बरोबर समोर, आमचं तळं खोदून घेतलं आणि मुद्दाम तिच्यापेक्षा खोल घेतलं. तिच्याहून काहीतरी जास्त असल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस. मी पेढे वाटले.

पेढे पचायच्या आत आमिनाने तळ्यात मासे सोडले. रोहू आणि कटला. पोरांच्या बोटाएवढी पिल्लं पाण्याने फुगवलेल्या पिशव्यांतून आली आणि वर्षात हाताएवढी झाली. आम्ही शेतकरी माणसं, नदीचा मासा बाजारात बघायचा एवढीच आमची त्याच्याशी ओळख. मासा पाळतात, हेच मला नवीन होतं. एका सकाळी दिवस उगवायच्या वेळी मी वैरणीला गेले होते. आमिनाने बांधावरून हाक मारली, "द्वारका, जल्दी ये! बघ तर खरं."

मी गेले. तिच्या तळ्याच्या काठाला मासेच मासे. सगळे वर आलेले, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. शेकडो तोंडं, आणि सगळी तिच्याकडे. आमिनाने काठावर हात जोरात आपटला तर दचकून खाली गेले आणि लगेच परत वर आले.

"रोज येतेत," ती म्हणाली. "मी सकाळी आले का वर येऊन सलाम करतेत. मला वळखून राह्यले बघ."

तिने मूठभर कोंडा टाकला. काहींनी खाल्ला, बऱ्याच जणांनी नुसतं तोंड हलवलं. आमिनाचा चेहरा असा उजळला होता की बोलायची सोय नाही. मी म्हटलं, "भूक लागली असंल त्यांना," आणि वैरण तिथेच विसरून घरी आले. दिवसभर माझं एकच चाललं होतं. म्हशी झाल्या, मोसंबी झाली, पोरगं झालं, केस झाले, आता पाण्यातले मुके जीवसुद्धा हिलाच सलाम करणार?

पुढच्या वर्षी मी मासे सोडले. मालक म्हणाले, "तुला मासे पाळायचेत का आमिनाबीला पाण्यात पाहायचंय?" आमच्या मालकांचं नाव मच्छिंद्र. नावात मासा असून उपयोग काय, असल्या टवाळीशिवाय त्यांनी तळ्याला कधी हात लावला नाही. मी मात्र रोज सकाळी कोंड्याची पाटी घेऊन काठावर. आणि माझे मासे? एक वर येईल तर शपथ. पाणी गप्प. कोंडा टाकला की खालून सावलीसारखं काहीतरी यायचं, घास ओढायचं आणि परत तळाला. ना सलाम, ना राम राम. मी लाडाने बोलायचे, "ये माझ्या राजा, ये माझ्या सोन्या." मालक एकदा ऐकून म्हणाले, "एवढ्या गोड आवाजात मला कधी जेवायला बोलावलं न्हाई तू." तेही जळत होते, माशांवर!

बांधापलीकडे आमिनाचा रोज दरबार भरायचा. मी माझ्या गप्प पाण्याकडे एक डोळा आणि तिच्या उकळणाऱ्या काठाकडे एक डोळा, अशी उभी. मला वाटायचं, जीव माणूस ओळखतात. गायीला कळतं कोण मायेचं आणि कोण तोंडदेखलं. माझ्यात काहीतरी कमी आहे, ते या माशांनाही कळलं आहे.

त्या साली रमजान ईदनंतर आमिनाकडे नवीनच प्रकार सुरू झाला. त्यांचं गाड्यावरचं डिझेल इंजिन तिने तळ्याच्या काठाला आणून लावलं. दिवस उगवायच्या आधी ते सुरू व्हायचं. तळ्यातलंच पाणी ओढायचं आणि तीन बांबूंच्या तिकाटण्यावर बांधलेल्या पाइपातून उंचावरून परत तळ्यातच सोडायचं. पाइपाच्या तोंडाला तेलाचा डबा, त्याला सगळीकडे भोकं पाडलेली, म्हणजे कारंजंच. मासे त्या कारंज्याखाली गोळा व्हायचे.

मी विचारलं, "हे कशाला गं?"

आमिना पाइपाकडे बघत म्हणाली, "त्यांना पाऊस आवडतो."

माशांसाठी पाऊस! सकाळी सकाळी डिझेल जाळून! त्या इंजिनाची धडधड माझ्या डोक्यात व्हायची. आमच्याकडे तसलं इंजिन नव्हतं, बोअरची विजेची मोटार होती आणि ती वीज येईल तेव्हा. कारंजं मला शक्य नव्हतं. मग मी दुसऱ्या बाजूने कंबर कसली. तिच्याकडे मासे जास्त, म्हणून मी आणखी पिल्लं आणून सोडली. खाणं दुप्पट केलं, कोंड्यात भुईमुगाची पेंड मिसळली. पाहुण्याला आपण 'घ्या, अजून एक घ्या' करतो तसा माझा आग्रह. कुणीतरी सांगितलं, शेण टाकलं की पाण्यात माशांचं खाणं आपोआप तयार होतं. मी पाट्या भरभरून शेण टाकलं. पाणी हिरवंगार झालं. शेतकऱ्याला हिरवं दिसलं की बरं वाटतं. मला वाटलं, आता माझं तळं धरलं.

श्रावणात पावसाने दडी मारली. आभाळ मात्र भरलेलं, दिवसेंदिवस ऊन नाही, वारा नाही, आणि उकाडा असा की पदराने वारा घेतला तरी तोच गरम. काळ्या कागदातलं पाणी हाताला कोमट लागायचं. त्यात शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. सगळ्या मोटारी बंद. माणसं वायरमनला शिव्या देत बसली आणि मी रोज माशांना जेवू घालत राहिले.

आणि एका सकाळी ते वर आले.

मी पाटी घेऊन काठावर पोचले तर सगळं तळं तोंडांनी भरलेलं. रोहू, कटला, लहान, मोठे, सगळे पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला येऊन तोंडं उघडत होते. मी वाकले तरी पळाले नाहीत. एक मोठा कटला, जो मला आजवर दिसलाही नव्हता, माझ्या पायाशी येऊन तोंड उघडून राहिला. मी खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूरज पहिल्यांदा 'आई' म्हणाला होता तेव्हा आलं होतं तसं. मी म्हटलं, "आलात का रे? कळलं का तुम्हाला?" आणि अख्खी पाटी पाण्यात रिकामी केली.

मग मी बांधावर चढले. पलीकडे आमिनाचं कारंजं चालू होतं, ती काठाला उभी होती. मी तोंडाला हात लावून ओरडले, "आमिना! ए आमिना! ये! माझ्याकडं ये, बघायला!"

ती ओढणी सावरत पळतच आली. हसत आली. मी बाजूला झाले, तिला नीट दिसावं म्हणून. माझी नजर माशांवर नव्हती, तिच्या तोंडावर होती. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते मला बघायचं होतं. आणि दिसलं. आमिनाचं हसू गेलं. चेहरा उतरला. तिने वाकून पाण्यात हात घातला, हिरवं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला, आणि माघारी वळून पळाली.

थोड्या वेळात तिचं इंजिन बंद झालं. शिवार एकदम गप्प झालं. मालक गोठ्यातून आले होते, त्यांना मी म्हटलं, "बघितलं? माझे मासे वर आले तर बाईला बघवलं न्हाई. जळून इंजिन बंद केलं तिनं."

 मालकांचं लक्ष बांधाकडे होतं. बांधाच्या खालच्या टोकाला गाडीवाट आहे, तिथून आमिना, लालमियाँभाई आणि जीशान ते इंजिन ढकलत, ओढत आमच्या रानात आणत होते. आमिनाच्या खांद्यावर डब्यासकट पाइपाचं वेटोळं होतं, केस सुटले होते.

"द्वारका, बाजूला हो," ती धापा टाकत म्हणाली. "पाइप सोडू दे. जल्दी."

मी तिच्या आडवी उभी राहिले. "माझ्या तळ्यात तुझं इंजिन कशाला? माझे मासे सलाम करून राह्यले, ते बघवत न्हाई व्हय तुला?"

"सलाम न्हाई ते!" आमिना ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "दम घुटून राह्यला त्यांचा! पान्यात हवा राह्यली न्हाई. वरच्या थराला जरा असती म्हनून वर आले. मरून राह्यलेत, द्वारका!"

"मंग तुझे काय करत होते इतके दिवस?"

 ती खाली बघून म्हणाली, "माझे पन तेच करत होते. मला आधी ठाव नव्हतं. ईदला मदीहा आल्ती, तिनं सांगितलं."

मदीहा म्हणजे तिची जालन्याची भाची, मासेपालन शिकलेली. म्हणजे हिला ईदपासून माहीत होतं. ईदपासून ही मला 'पाऊस आवडतो' सांगत होती.

"आन् मला न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू?" तिचा आवाज रडवेला झाला. "तू रोज बांधावर येऊन माझ्या तळ्याकडं बघायची. मला बरं वाटायचं. आन् खरं सांगू, मी तुझ्या तळ्याकडं बघून जळायची. तुझं पानी कसं बिलकुल गप्प. तुझे मासे खाली निवांत झोपेल राह्यचे. मला वाटायचं, हिलाच कसं बराबर जमतं सगळं."

आमिना माझ्यावर जळत होती! हे मला दुसऱ्या कोणत्याही दिवशी कळलं असतं तर मी पुन्हा पेढे वाटले असते. पण तेवढ्यात माझ्या पायाशी आलेला तो मोठा कटला कलंडला. पोट वर झालं. एकदा शेपूट हलली आणि मग नाही. मालकांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, आणि जीशानने पाइप पाण्यात सोडून डब्याचं टोक कुंपणाच्या खांबाला उंच बांधलं.

इंजिन धडधडायला लागलं. डब्याच्या भोकांतून पाणी उंचावरून फुटून पडायला लागलं. मालक आणि लालमियाँभाई काठाने बादल्यांनी पाणी उडवत होते. मी पाटीने पाणी उचलून हवेत फेकत होते, चोळी-पातळ सगळं हिरवं झालं. मासे हळूहळू त्या धारेखाली सरकले. डब्याजवळ एवढी दाटी की पाणी दिसेना. आमिना म्हणाली, "आज खायला काईच टाकू नको. उद्या पन नको. खाली जे सडून राह्यलं ना, तेच हवा खाऊन राह्यलं." मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं.

पुढे मदीहा येऊन गेली तेव्हा तिने मला सगळं नीट सांगितलं. मासा पाणी पिऊन जगत नाही, पाण्यात विरघळलेली हवा ओढून जगतो. तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो, तेवढ्यात कल्ल्यातलं रक्त ती हवा काढून घेतं. थंड पाण्यात हवा जास्त मावते, पाणी तापलं की ती कमी मावते. आणि खोडी अशी की पाणी तापलं की माशाचं अंगही तापतं, त्याला हवा उलट जास्त लागते. घरात खाणारी तोंडं वाढावीत आणि त्याच दिवशी चुलीवरचं पातेलं लहान व्हावं, तसं. त्यात माझं हिरवं पाणी. ती हिरवळ दिवसा उन्हात हवा तयार करते, पण अंधार पडला की स्वतःच ती ओढायला लागते. सलग ढगाळ दिवस गेले तर दिवसाची कमाई नाही आणि रात्रीचा खर्च चालूच. म्हणून उजाडताना पाणी सगळ्यात रिकामं असतं. वर माझं शेण, माझी पेंड, माझी जास्तीची पिल्लं. म्हणजे सुरुवातीला माझे थोडे मासे खोल पाण्यात गप्प होते तेव्हा ते सुखी होते. मी त्यांना लाडाने बोलावत बोलावत गुदमरायला वर आणलं.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच दिसत होतं की माझ्या तळ्यातले मासे एकेक करून खाली जायला लागले होते. पाणी गप्प होत होतं. मी इतके दिवस ज्या गप्प पाण्याला शिव्या दिल्या, त्याच्यासाठी आता देवाला हात जोडत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. मी आमिनाला विचारलं, "तुझ्या तळ्यात कोन हाय आता?"

"हाय की," ती म्हणाली. "माझ्या माशांला सवय हाय रोजची. निघंल तेवढा टाइम."

ती बांधाकडे बघत नव्हती. लालमियाँभाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत बादली उचलली. कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही बोलले नाही. खरं म्हणजे मला बोलायचं नव्हतं. इंजिन एकच होतं आणि ते माझ्या तळ्यावर होतं.

दुपारी ढग जरा विरळ झाले, वाराही सुटला. आमच्याकडे थोडे मासे गेले होते, बाकीचे तरले. आमिनाच्या घरची माणसं इंजिन घेऊन परत गेली. मग बराच वेळ झाला तरी पलीकडून इंजिनाचा आवाज आला नाही. मी बांधावर चढले.

तिचं तळं पांढरं झालं होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोटं. मोठे कटले सगळ्यात जास्त, तोंडं तशीच उघडी राहिलेली, कल्ल्यांची झाकणं ताठ. सवय-बिवय काही नसते. दम घुटायची सवय कुणाला होते? इंजिन काठाला नुसतं उभं होतं. आता ते चालवायचं कुणासाठी? लालमियाँभाई जाळीने मासे ओढत होते आणि आमिना खाली बसून टोपल्यांत भरत होती. रडत नव्हती. हात तिचे रजई भरतात तसे चालले होते, एकसारखे.

मी तार वाकवून आत गेले. तिच्या शेजारी बसले आणि मासे टोपलीत टाकायला लागले. दोन टोपल्या भरल्या. वास सुटायला लागला होता. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मला राग आला होता, तो तिच्यावर होता की कुणावर ते सांगता येणार नाही.

"कशाला केलं असं?" मी म्हटलं. "तुला दिसत होतं ना हिकडं काय होनार ते? मंग इंजिन बंद करून माझ्याकडं कशाला आली?"

आमिनाने माझ्याकडे पाहिलं. माझा प्रश्नच तिला कळला नसावा, असं.

"तू बोलावलं ना," ती म्हणाली. "इतक्या सालात तू मला कधी तुझ्या रानात बोलावलंस का, द्वारका? मीच येते. घागर घेऊन मीच आल्ते, शीरखुर्मा घेऊन मीच येते. आज पहिल्यांदा तू आवाज दिला, 'आमिना, ये' म्हनली. मंग मी काय माझं इंजिन बघत बसू?"

एवढं बोलून ती परत टोपली भरायला लागली.

मी तिला जळवायला बोलावलं होतं. तिचं तोंड उतरलेलं बघायला बोलावलं होतं. हे मी तिला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. बसल्या जागी मला दुसरीच गोष्ट खात होती. समजा उलट झालं असतं. माझं इंजिन असतं, माझेही मासे गुदमरायच्या बेतात असते आणि तिने बांधावरून हाक मारली असती. मी गेले असते, बघितलं असतं, दोन शब्द हळहळले असते आणि माघारी येऊन माझं इंजिन चालू ठेवलं असतं. हे मला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत आहे.

त्या वर्षीची दोन तळ्यांची गोष्ट गावाने आपल्या परीने सांगितली, आणि भाजीवालीने आमिनाच्या पिशवीत आणखी चार काड्या वाढवल्या. वाढवू देत. पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी मिळून पिल्लं आणली, कमी आणली, आणि इंजिन आता बांधावरच असतं. माझं तळं परत गप्प आहे. तिचंही गप्प आहे. आम्ही दोघी सकाळी बांधावर उभ्या राहतो आणि कुणी वर येत नाही ना ते बघतो.

पण त्याने माझं समाधान होत नाही. म्हैस विकत आणता येते. तळं जास्त खोल खोदता येतं. केसांना काळा रंगसुद्धा लावता येतो, मी लावला. त्या सकाळी एका हाकेसरशी तिने जे केलं, ते मी कोणत्या बाजारातून आणू? ते तिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, आणि तिला ते स्वतःला माहीतसुद्धा नाही. म्हणून मी अजूनही आमिनावर जळते, पूर्वी जळायचे त्याच्यापेक्षा जास्त.